खानदेशात बसून जुन्या वळणाची इलेक्ट्रिक गिटार जुळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार बनवायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला: मुंबईला जा. खरं तर बाहेरून आणावी लागते ती मुख्यतः नेक, म्हणजे गिटारची मान, आणि ती हल्ली कुरिअरने येते. बाकीचे हात जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, सगळीकडे आहेत: सुतार, सोनार, गाड्या रंगवणारा पेंटर, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला. कोणाला काय सांगायचं आणि कोणाला काय करू द्यायचं नाही, एवढं कळलं की काम होतं.

सुटे भाग जोडून गिटार होते कशी? ती तर एकसंध वस्तू असते ना?

ॲकॉस्टिक गिटार एकसंध असते, सगळी सरसाने जखडलेली. ही तशी नाही, आणि त्याला कारण तिचा कर्ता. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ पासून त्याचं दुकान होतं, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने दुरुस्तीवाल्याच्या नजरेने गिटार आखली: लाकडाची सपाट फळी, तिला चार स्क्रूंनी बसवलेली नेक, आणि पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या घुंड्यांचे भाग) व स्विच एका पत्र्यावर. नेक गेली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. १९५० साली ही गिटार एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या नावांनी आली. ग्रेश कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच निघालं, म्हणून १९५१ मध्ये तिची टेलिकास्टर झाली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. नेक आणि बॉडीच्या जोडाची मापं तेव्हापासून फारशी हललेली नाहीत, म्हणून एकाची बॉडी आणि दुसऱ्याची नेक आजही जुळते. गिब्सनच्या लेस पॉलची नेक बॉडीत चिकटवलेली असते. पहिल्या कामाला ती घेऊ नका.

विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडते का?

नाही पडत. हे मनाशी धरा, मगच पुढचं वाचा. सुरुवातीची तयार गिटार दुकानात ज्या भावात मिळते, त्या भावात कधी कधी नुसती चांगली नेकसुद्धा येत नाही. बाहेरून मागवलेल्या भागांवर कस्टम ड्युटी, जीएसटी आणि वर कुरिअरवाल्याचं हाताळणी शुल्क. चार पार्सलं चार वेळा मागवली तर ते शुल्कही चार वेळा. यादी पक्की करून एकदाच मागवा.

मग करायची कशाला? नेकची जाडी आपल्या हाताची, रंग आपला, आवाज आपला. शिवाय जिचा स्क्रू न् स्क्रू तुमच्या हातून बसला, ती गिटार बिघडली तर बॅगेत भरून कुठे पाठवायची पाळी येत नाही. गिटारचा जाणता कारागीर गाठायला ज्यांना रात्रीची गाडी धरावी लागते, त्यांना हा मुद्दा लहान नाही.

पैसे घालायचा माझा क्रम: आधी नेक, मग पिकअप (तारांचा कंप पकडणारं चुंबकी वेटोळं), मग चाव्या आणि ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), सगळ्यात शेवटी बॉडी. लोक नेमकं उलटं करतात. सुंदर रेघांचं लाकूड घेतात आणि नेकवर हात आखडतात. बॉडी दिसते, वाजवताना बोटं नेकवर असतात.

पहिली कोणती करू, टेली की स्ट्रॅट?

टेली. बॉडी सपाट, पिकअप दोनच, ब्रिज स्थिर. स्ट्रॅटला पाठीमागे स्प्रिंगांचा खड्डा, पोटाचा उतार, हाताचा उतार आणि हलता ब्रिज. तो ब्रिज नीट बसवणं हेच एक वेगळं काम आहे.

बॉडीसाठी इथलं कोणतं लाकूड चालेल?

फेंडरने ॲश आणि ऑल्डर वापरलं ते त्यांच्याकडे सहज मिळायचं म्हणून. पहिला नमुना तर पाईनचा होता. तेव्हा 'खरं लाकूड' शोधत बसू नका, चांगलं वाळलेलं शोधा.

वजनाचा हिशेब आधी करा. टेलीच्या बॉडीत ढोबळमानाने चार लिटर लाकूड उरतं. सागवान घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, म्हणजे नुसती बॉडी अडीच किलोच्या वर. ऑल्डर ४५० च्या आसपास, म्हणजे अठराशे ग्रॅमच्या आसपास. हा फरक खांद्याला तासाभरात कळतो. सागवानाची करायचीच असेल तर आतून पोकळ्या काढून वरून पातळ फळी चिकटवा.

माझं पहिलं मत शिवणीला. हलकी, रंध्याखाली सरळ चालणारी, वाळल्यावर फारशी न वाकणारी. तूण मिळाली तर तीही उत्तम. ती महोगनीच्याच कुळातली आहे आणि रंगही तसाच लालसर. आंबा स्वस्त आणि रेघांनी देखणा, पण त्याला कीड लवकर लागते. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी वखारीतच ठेवा. बाभूळ नको. सातपुड्याच्या अंगाचं अंजन तर अजिबात नको, ते पाण्यात बुडतं इतकं जड.

जुनी माळवदाची घरं पाडली की निघणारे सागवानी सरे आणि कडीपाट हा खानदेशातला खरा खजिना. इतकी वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड नव्याने विकत मिळत नाही. फक्त त्यात लहानमोठे खिळे अडकलेले असतात. जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून फळीच्या चारही अंगांवरून फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करा. हे न करता फळी प्लेनरला दिली तर पात्याचा खर्च तुमच्या अंगावर.

माल पाव घनफुटाच्या आसपास लागतो, घट धरून थोडा जास्त घ्या. बिल घ्या. साग, शिसव बांधावरचे असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, त्यामुळे 'शेतातलं झाड आहे, पाडून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

लाकडाने आवाज बदलतो का?

बदलत असेल तर पिकअप, तारा आणि ॲम्प यांच्या मागे कुठेतरी चौथ्या नंबरावर. यावर रात्र रात्र भांडणारे आहेत, मी त्यांच्यात नाही.

आमच्या गावच्या सुताराकडून बॉडी करून घेता येईल का?

येईल, आणि झकास येईल. 'हाई काय शे भो?' असं तो आकार बघून विचारेलच. त्याला गिटारचं कौतुक सांगत बसू नका, मापं द्या. इथे एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. फेंडरची मापं इंचाची, आणि आपला सुतार अजून सुतात मोजतो. आठ सूत म्हणजे इंच. बॉडीची जाडी १४ सूत. नेकचा खिसा ५ सूत खोल. नेकच्या बुडाची रुंदी २ इंच दीड सूत. नटपाशी, म्हणजे तारा जिच्या खाचांतून जातात त्या डोक्याकडच्या पट्टीपाशी, नेक १ इंच ५ सूत. मिलिमीटरचे दशांश लिहून दिलेत तर तो गोंधळेल. सुतात सांगितलंत तर डोळे मिटून आखेल.

नकाशा पूर्ण आकारात छापून घ्या. फ्लेक्सवाल्याकडे नको, फ्लेक्स ताणला जातो. इंजिनिअर लोक घराचे नकाशे जिथे कागदावर काढतात, त्या प्लॉटरवाल्याकडे जा. छापल्यावर मोजपट्टी लावून दहा इंचाची रेघ दहाच इंच आली का ते बघा. 'पानात बसव' ही खूण चालू राहिली तर सगळं तीन-चार टक्क्यांनी आखडतं आणि नजरेला कळतही नाही. तो कागद १२ मिमी एमडीएफवर चिकटवून साचा कापा, मग साच्याला धरून बेअरिंगच्या बिटाने राऊटर फिरवा. थेट लाकडावर हाताने राऊटर चालवायची हौस कुणाचीही असली तरी थांबवा.

नेकचा खिसा सगळ्यात शेवटी, आणि नेक हातात आल्यावरच. कागदावरच्या मापावर भरवसा ठेवून आधी कोरलेला खिसा हमखास सैल निघतो. नेक बॉडीवर तिच्या जागी ठेवून बुडाभोवती टेकू लावा, त्यालाच साचा करा, दीड-दोन मिमीच्या फेऱ्यांनी खाली जा. मधे मधे नेक बसवून बघा. दाबल्यावर बसली पाहिजे, हातोडी लागता कामा नये. बरोबर जमलं की नेक धरून बॉडी उचलली तरी स्क्रूशिवाय क्षणभर तशीच राहते. मग फळीवर पट्टी ठेवून मोजा: नेकचं बूड एक इंच जाड, खिसा ५ सूत, म्हणजे फ्रेटबोर्डचा (बोटं जिथे दाबतात त्या पट्टीचा) वरचा भाग बॉडीच्या ३ सूत वर यायला हवा. पुढच्या सगळ्या सेटअपचा पाया हा आकडा आहे.

स्क्रूची भोकं उभ्या ड्रिलवर पाडा. बॉडीतलं भोक साडेचार मिमी, म्हणजे स्क्रू त्यातून नुसता सरकेल. नेकमधलं तीन मिमी, म्हणजे तिथे आटे धरतील. दोन्हीकडे आटे धरले तर नेक खिशाच्या तळाला कधीच घट्ट बसत नाही. मेपलमध्ये कोरडा स्क्रू पिळू नका, स्क्रूची मान तुटते. स्क्रूवर मेणबत्ती चोळा. साबणाने पुढे गंज धरतो.

मग नेकही इथेच करून घेऊ का?

नको. आतला ट्रस रॉड (नेकचा बाक आवरणारी सळई), २१ फ्रेटच्या, म्हणजे सुरांच्या धातूपट्ट्यांच्या, खाचा आणि फ्रेटबोर्डची गोलाई यात चूक चालत नाही. साडेपंचवीस इंचाच्या स्केलवर (नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीवर) खाच अर्धा मिलिमीटर चुकली तर तो सूर कायमचा बेसूर. नेक तयार घ्या.

घेताना विचारा: स्केल साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिमी आहे का. बूड सरळ कापलेलं, टेलीचं, आहे की गोल, स्ट्रॅटचं. चाव्यांची भोकं जुन्या पद्धतीची, साडेआठ-पावणेनऊ मिमीची आहेत की नव्या पद्धतीची १० मिमीची. १० मिमीच्या भोकात जुन्या चाव्या बसवायला रिंगा मिळतात, पण उलटं करायचं तर भोक मोठं करावं लागतं, आणि तिथे लाकडाची कपची उडते. ट्रस रॉडचं डोकं नटपाशी आहे की बुडाशी, तेही विचारा. बुडाशी असेल तर तेच अस्सल जुनं वळण, पण दर वेळी पिळायला नेक सैल करावी लागते.

१९५० च्या दशकातली फेंडर नेक मेपलच्या एकाच तुकड्याची असायची. ट्रस रॉड मागून घालून त्यावर अक्रोडाच्या लाकडाची काळपट पट्टी भरलेली. टेली आणि स्ट्रॅटला शिसवीचा फ्रेटबोर्ड १९५९ पासून आला.

७.२५ इंच गोलाई (फ्रेटबोर्डच्या वक्राची त्रिज्या) घ्यावी का?

जुना हात हवा असेल तर घ्या. कॉर्ड धरायला अशी गोल पाठ फार सुखाची. तोटा असा की ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, अगदी खाली ठेवून वरच्या फ्रेटवर तार जोरात ताणली की सूर मधेच मरतो. सोलो जास्त वाजवणाऱ्याने साडेनऊ इंच घ्यावी आणि त्याबद्दल कुणाची माफी मागू नये.

ब्रिजची जागा कशी ठरवायची?

नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, ३२४ मिमी भरेल. तेवढंच पुढे गेलं की पातळ ई तारेच्या सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची, जागा. सॅडल जवळपास पूर्ण पुढे आणून ती रेषेवर ठेवा, कारण सूर जुळवताना बाकीची सॅडलं मागेच सरकतात. मग दोन्ही ई तारांच्या जागी शिवणकामाचा दोरा नटपासून ब्रिजपर्यंत ताणा आणि नेकच्या दोन्ही कडांपासून अंतर सारखं आहे का ते बघा. दोरा सरळ दिसेपर्यंत ब्रिजला एकही भोक पाडू नका. टेलीच्या ब्रिजवर पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंत २ इंच १ सूत.

नट कोण करून देईल?

सोनार. जळगावच्या सराफ बाजारात दागिने विकणारे पुष्कळ, पण आपल्याला मागच्या गल्लीतला हातकाम करणारा कारागीर हवा. फेंडरचा नट एक सूत जाड. हाडाचा किंवा पितळेचा तुकडा आणि नेक दोन्ही घेऊन जा. सोनाराच्या करवतीचं २/० नंबरचं पातं साधारण पाव मिलिमीटर जाड असतं, आणि १० नंबर संचाची पातळ ई तारही ०.२५ मिमीचीच. पातं किंचित हलवत ओढलं की खाच बरोब्बर होते. जाड तारांना बारीक गोल कानस. खाच चावीच्या बाजूला थोडी उतरती हवी, नाहीतर तार सतारीसारखी झणझणते. खोली तपासायची रीत: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा, पहिल्या फ्रेटच्या वर केसभर फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल तर अजून एक हात मारा. तार टेकली तर तो नट फेकून दुसरा करा. म्हणून तुकडे दोन न्या.

पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा पिकअप गुंडाळून देईल का?

हात त्याचाच हवा, पण तार त्याच्याकडे नसते. मोटारीची तार पिकअपच्या तारेपुढे दोरखंड आहे. स्ट्रॅटच्या आणि टेलीच्या ब्रिजकडच्या पिकअपला ४२ एडब्ल्यूजी (अमेरिकी गेज), म्हणजे ०.०६३ मिमीची एनॅमल तार लागते. आपल्याकडे व्यापारी एसडब्ल्यूजीत (ब्रिटिश गेजमध्ये) बोलतात, तिथे ४६ नंबर सगळ्यात जवळचा. टेलीच्या नेककडच्या पिकअपची तार त्याहून बारीक, ४३ एडब्ल्यूजी. सात ते आठ हजार वेढे पडले की मीटरवर सहा ते सात हजार ओहमच्या आसपास आकडा येतो.

शिलाई मशीनची मोटर, तिचं पायडल आणि वेढे मोजणारा काउंटर एवढ्यावर यंत्र होतं. तार चिमटीत किती दाबून धरायची, हे मात्र तुटल्याशिवाय कळत नाही. वेढे पूर्ण झाले की पिकअप मेणात बुडवतात: चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, साधारण ६० ते ६५ अंश, भांड्यात भांडं ठेवून. थेट आचेवर मेण कधीच नको, पेट घेतं. मेण नसेल तर आतली तार थरथरते आणि आवाज वाढवला की शिट्टी वाजते.

लग्नाच्या बँडमधला विजेवरचा बेंजो दुरुस्त करणारे गाठा. पोलादी तार आणि खाली चुंबकाचा पिकअप हे तत्त्व तेच असल्याने त्यांना अर्ध्या वाक्यात कळतं. तरीही पहिल्या गिटारला तयार संच घ्या, गुंडाळण्याचा नाद दुसऱ्या गिटारला.

पॉट आणि कपॅसिटर गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात का?

कपॅसिटर मिळतो. '४७३' लिहिलेला मागा, तो ०.०४७ मायक्रोफॅरड. तेलात बुडवलेले, कागदाचे, महागडे जुने कपॅसिटर घेऊन आवाज सुधारत नाही. किंमत नाही, मूल्य बघा. पॉट २५० के, लॉग, म्हणजे 'ए' शिक्क्याचा हवा. रेडिओवाला बऱ्याचदा ४७० के लिनियर पुढे करतो. त्याने आवाज जास्त टोचरा होतो आणि व्हॉल्यूम शेवटच्या टोकाला एकदम पडतो. टेलीची घुंडी बाजूच्या बारीक स्क्रूने धरते, त्यामुळे दांडा गुळगुळीत घ्या, दात्यांचा नको.

पॉटच्या पाठीवर डाग घालायला २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही. ४० ते ६० वॅटची घ्या, पाठ आधी काचपेपरने घासा आणि दोन-तीन सेकंदांत उरका.

जुन्या वायरिंगचा आराखडा उतरवताना एक माहीत असू द्या. १९५२ ते १९६७ पर्यंतच्या टेलीत दोन्ही पिकअप एकत्र वाजायची सोयच नव्हती. स्विचच्या एका टोकाला नुसता दबलेला, बोजड आवाज यायचा. १९६७ नंतरची जोडणी करा. अस्सलपणाचा हा हट्ट कुणाच्या कामाचा नाही.

गिटार गुणगुणते. आणि माईकला ओठ लागला की झटका बसतो. काय करू?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जिवावरची आहे.

गुणगुण सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपला असतेच. घरातली ५० हर्ट्झची वीज तो पकडतो. आतल्या खड्ड्यांना तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडली की कमी होते, जात नाही. एक पिकअप उलट्या वेढ्याचा आणि उलट्या चुंबकाचा असेल तर दोन्ही मिळून वाजवताना ती मिटते. ब्रिजखाली जाणारी अर्थची तार विसरू नका. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर सगळं ठीक. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर दोन तारा उलट लागल्या आहेत.

आता झटका. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकलेली असेल, किंवा मांडवात जनरेटरवर अर्थिंगच नसेल, तर वीज तुमच्या अंगातून माईकपर्यंत वाट शोधते. वाजवण्याआधी तारांना टेस्टर लावा. दिवा लागला तर गिटार खाली ठेवा, मांडववाला काहीही म्हणो. घरीही बोर्डाला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा बघून घ्या. नुसती तीन भोकं असणं म्हणजे अर्थिंग नव्हे.

रंग कोणता आणि कोणाकडून?

फेंडरचे गाजलेले रंग मुळात मोटारींचे. ड्युपाँटचे ड्युको आणि लुसाइट हे गाड्यांचे रंगच तो वापरायचा. म्हणून आपला माणूस गॅरेजमधला पेंटर, फर्निचरवाला नव्हे. हल्ली गाड्यांना दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) मारतात. तो टिकाऊ, पण जाड आणि काचेसारखा. जुन्या वळणाचा पातळ थर हवा असेल तर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मागा.

सागवान तेलकट असतं, त्यावर लॅकर धरत नाही. थिनरने पुसा, लाखेच्या पॉलिशचा एक हात द्या, मग एन.सी. सीलर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक लॅकर. पातळ हात पुष्कळ, जाड हात एकही नाही. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे टांगून ठेवा, त्यानंतरच ८०० पासून २००० नंबरपर्यंत पाण्याचा पेपर आणि रबिंग कंपाउंड. आठ दिवसांत घासायला घेतलेलं लॅकर पुढे महिनाभराने खाली बसतं आणि लाकडाच्या रेघा वर दिसू लागतात.

वेळ बघा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावा लॅकरमध्ये अडकून पांढरट झाक येते. मे महिन्याच्या दुपारी फवारा बॉडीवर पोहोचण्याआधीच वाळतो आणि पीठ बसल्यासारखी खरखर येते. वर वावटळीची धूळ. कापसाच्या हंगामात जिनिंगशेजारी राहत असाल तर तंतू ओल्या रंगात चिकटणारच. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ सगळ्यात चांगली. बंद खोलीत, गॅस किंवा देवघरातला दिवा जळत असताना फवारा मारू नका, थिनरची वाफ पेटते. कापडी रुमाल पुरत नाही, वाफेचा मास्क लावा.

आणि एन.सी.ची गिटार रबराच्या स्टँडवर ठेवू नका. रबर लॅकर मऊ करतं आणि तिथेच चिकटून बसतं. स्टँडला सुती फडकं गुंडाळा.

नवीनच गिटार घासून-ठोकून जुनी दाखवावी का?

फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ पासून अशा गिटारी विकल्या, तेव्हा धंदा म्हणून हरकत नाही. मला पटत नाही. साखळीने ठोकलेले खड्डे साखळीने ठोकल्यासारखेच दिसतात.

उन्हाळ्यात फ्रेटची टोकं हाताला का टोचतात?

लाकूड आखडतं, धातू आखडत नाही. दमट गावाहून आलेली नेक आपल्याकडे पहिला एप्रिल-मे काढते, पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत, आणि फ्रेटबोर्ड रुंदीला किंचित कमी होतो. फ्रेटची टोकं बाहेर येतात. नेक आल्या आल्या ती घासू नका. एक उन्हाळा काढू द्या, मेच्या शेवटी बारीक कानशीने एकदाच तिरकी घासा. शिसवीच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा तेलाचा पुसट हात द्या. लॅकर मारलेल्या मेपलला तेल लागत नाही.

कूलरचं मात्र उलटं. तो हवेत पाणी सोडतो. कूलरच्या झोतात टांगलेल्या गिटारच्या तारा आठवड्यात काळ्या पडतात. रात्री कूलर, दुपारी बंद खोलीची भट्टी, असा रोजचा फेरा लाकडाला सगळ्यात वाईट. गिटार बॅगेत घालून आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच नाही.

नेकला बाक आला की नाही ते सरळ पट्टी ठेवून बघा. पिळायचंच तर ट्रस रॉड पाव फेरा, मग थांबा, उद्या पुन्हा बघा.

सेटअपचे आकडे सांगा.

७.२५ इंच गोलाईसाठी: नेकचा बाक ०.३ मिमी. सतराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली २ मिमी, पातळ तारेखाली १.६ मिमी. पिकअप तारेपासून २.४ आणि २ मिमी, शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून मोजा. पिकअप फार वर आणू नका. चुंबक तारेला ओढतं आणि वरचे सूर डळमळतात. सॅडल पार खाली नेऊनही ॲक्शन उंच राहिली तर खिशाच्या मागच्या टोकाला, ब्रिजच्या बाजूने, पातळ व्हिनिअरची पाचर द्या. पूर्ण खिसाभर जाणारी पाचर चांगली. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा तात्पुरता.

गिटारच्या डोक्यावर फेंडरचा लोगो लावला तर?

लावू नका. ते नाव आणि डोक्याचा आकार दोन्ही कंपनीच्या नावावर नोंदलेले आहेत. बॉडीच्या आकारांवरचा हक्क अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने २००९ साली नाकारला. आपलं नाव लावा, गावाचं लावा.

पुढे विकायची झाली तर किती येतील?

भागांच्या किमतीपेक्षा कमी. विकायची वेळ आलीच तर सुटे करून विका, जास्त येतात.

लग्नाच्या बँडमध्ये, कीबोर्डच्या मिक्सरला जोडून वाजवता येईल का?

आवाज येईल, पण मेलेला. मॅग्नेटिक पिकअपला समोरून जास्त इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) लागतो, साधारण दहा लाख ओहम. मिक्सरचा लाइन इनपुट त्यामानाने फार कमी असतो, त्यामुळे वरचा सगळा खणखणाट गिळला जातो. मधे एखादं बफर असलेलं पेडल किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) टाका. काही मिक्सरवर 'हाय-झेड' लिहिलेलं बटण असतं, ते दाबा. गाडीवरच्या भोंग्यांतून एवढ्यानेही टेलीचा ब्रिज पिकअप बेंजोच्या वर ऐकू येतो. बेंजोवाल्याशी आधी बोलून घ्या.